पुसायचं न्हाई, टिपायचं

आमच्या घरातलं सगळ्यात मऊ कापड माणसांच्या अंगाला कधी लागलं नाही. ते गाडीचं. मायचं लुगडं जुनं झालं, धुऊन धुऊन हाताला गार लागायला लागलं, की त्याची आम्हा पोरींना गोधडी व्हायला पाहिजे होती. सगळ्या गावात तसंच होतं. आमच्याकडं मात्र अण्णा ते उचलायचे, दाढीच्या ब्लेडनं त्याचे काठ उसवून टाकायचे, कारण काठाची वीण कडक असते आणि रंगावर ओरखडा काढते, आणि उरलेल्या कापडाच्या घड्या करून डिकीतल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचे. त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. माय म्हणायची, "मी मेले की माझं अंगावरचं लुगडंबी सोडायचे न्हाईत हे." अण्णा मान वर न करता म्हणायचे, "ते कशाला? ते नवं असंल. नवं कापड टोचतं." माय रागानं तवा आपटायची आणि हसायचीही. असं आमचं घर होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाटूर फाट्यावर त्यांची पांढरी अँबॅसिटर उभी असायची. रोजचं भाडं जालन्याचं, परतूरचं, कधी कुणाला दवाखान्यात न्यायचं. पण गाडीचं खरं काम लगीनसराईत. आमच्या गावच्या पोरी सासरी जायच्या त्या अण्णांच्या गाडीतून. ती गाडी लाभते, त्या गाडीतून गेलेली पोर रडत माघारी येत नाही, असं कुणीतरी कधीतरी बोललं आणि मग ते गावानं धरूनच ठेवलं. लग्नाची तारीख ठरली की मंडपवाल्याच्या आधी लोक आमच्याकडं यायचे. अण्णा ओट्यावर बसून सुपारी कातरत म्हणायचे, "बराबर टायमाला उभी करतो. पोरगी माझी समजा." ते म्हणताना त्यांची छाती जरा पुढं यायची, हे मी पाहिलेलं आहे. गरिबाघरची पोर असली तर ते जास्तच जोरात म्हणायचे.

गाडी धुण्याचा त्यांचा सोहळा पहाटे. ऊन वर आलं की बिलकुल हात लावायचा नाही, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी जागीच सुकतं आणि डाग धरतं. दारात बोअर होता, पण त्याचं पाणी मचूळ. हंड्याच्या बुडाला पांढरी खपली धरायची. ते पाणी पहिल्या धुण्याला. शेवटच्या धुण्याला मारुतीच्या देवळामागच्या आडाचं गोडं पाणी पाहिजे, आणि ते आणायचं काम माझं. आडाच्या रहाटाचा करकर आवाज, घागर पाण्याला टेकल्याचा डुबूक आवाज, लांब फाट्यावर पहिल्या एसटीचा हॉर्न. माझी त्या दिवसांतली सकाळ एवढ्यानंच सुरू व्हायची. दहावी होऊन मी घरी बसले होते. घागर घेऊन आले की अण्णा ती माझ्या हातातून घ्यायचे आणि टपावरून एका धारेत, न थांबता सोडायचे. शिंतोडे उडवायचे नाहीत. एका धारेत सोडलं की पाणी चादरीसारखं ओघळून खाली जातं, थेंब मागं राहत नाहीत. मग मायचं लुगडं यायचं. "पुसायचं न्हाई, टिपायचं," अण्णा म्हणायचे. "न्हाऊन आलेल्या लेकराचं अंग टिपती न माय, तसं." कापड टपावर पूर्ण पसरायचं, हाताचा भार द्यायचा नाही, आणि दोन्ही टोकं धरून आपल्याकडं सरळ ओढायचं. गोल गोल फिरवायचं नाही. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं. चाकांकडच्या भागाला वेगळं फडकं, कारण तिथं खडे असतात. आरशाच्या आणि दारांच्या फटीत पाणी लपतं, तर दारं उघडून-आपटून ते पाडायचं आणि पुन्हा टिपायचं. आणि कापड हातातून मातीत पडलं, तर ते त्या दिवसापुरतं मेलं. कितीही झटकलं तरी अण्णा ते गाडीला लावायचे नाहीत.

आमचा धाकटा परवा जालन्याहून गाडी धुऊन घेऊन आला. फेस काय, वाऱ्याचा पाईप काय, रंगीत केसाळ फडकं काय. मला म्हणतो, "आई, बघ, एक ओरखडा नाही." मी बघितलं. आरशाखालून पाण्याचा ओघळ येऊन दारावर सुकला होता. मी पदरानं टिपायला गेले तर ओरडला, "अगं पदर नको, काठ लागंल!" घरात येऊन चहा टाकला.

तर लग्नाची गाडी म्हटली की ड्रायव्हरची पंगत वेगळी. अण्णांना सगळीकडं मान. येसराची आमटी, वांगं, भात, आणि बुंदी तर वाढप्या त्यांच्या ताटात थांबा म्हणेपर्यंत टाकायचा. अण्णा थांबा म्हणायचे नाहीत. निघताना आणखी पुडी बांधून मिळायची, ती आमच्यासाठी. पण वाटूरला पोचेस्तोवर अर्धी झालेली असायची. घरी गुळाचा चहा, भाकरीवर गुळ, वरून तांबेच्या तांबे पाणी. "उन्हाचं गाडी चालवणं हाये, घसा सुकतो," म्हणायचे. आम्हाला खरं वाटायचं. का वाटणार नाही? उन्हाळा होता, आणि गडी गोड खातो, पाणी पितो, यात घाबरण्यासारखं काय आहे, असंच कुणालाही वाटलं असतं.

मग डाग सुरू झाले. एका सकाळी सगळं टिपून झालं, मी घागर उपडी घालून बसले होते, तर अण्णा म्हणाले, "हे बघ, बॉनेटवर डाग राह्यला." मी वाकून पाहिलं. नव्हता. "हा काय. दिसून न्हाई राह्यला का तुला? काळा ठिपका." मी म्हटलं असेल बाई, नि टिपल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पांढऱ्या गाडीवर थेंब सुकला तर धुळीचं मळकट कडं उमटतं, हे खरं आहे, म्हणून घरात कुणाला वेगळी शंका आली नाही. आम्ही पाण्याला दोष दिला. बोअरचं पाणी बंद, सगळंच पाणी आडाचं. माझ्या खांद्याची सालटं निघाली. डाग राहिलेच. मग दारातल्या कडुनिंबाला दोष दिला, झाडाचा चिकटा गळतो म्हणून. गाडी मारुतीपुढं नेऊन धुतली. डाग राहिलेच. मग कापडाला. मायनं आपलं चांगलं, नेसण्यातलं लुगडं काढलं आणि पाटा-वरवंटा घेऊन बसल्यासारखं दगडावर धूधू धुतलं, मऊ पडावं म्हणून. एका अमावस्येला तर तिनं गाडीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. आम्ही सगळे मिळून त्या गाडीला काय काय केलं! माणसाकडं कुणी बघितलं नाही.

ते कळलं ते एका न्याहारीच्या वेळी. माय चुलीपाशी धपाटे थापत होती. अण्णा ओट्यावर, समोर आमची नुकतीच चुना दिलेली भिंत. अण्णा म्हणाले, "या भिताडावर एवढ्या माशा काऊन बसल्या गं?" भिंतीवर एक माशी नव्हती. अण्णांनी हात हलवून माशा हाकलल्या. मग डोळे बारीक करून, मान डावीकडं नेली, उजवीकडं नेली, आणि हसून म्हणाले, "लई हुशार हायेत. मी बघतो तिकडंच सरकून राह्यल्या." मायचा हात धपाट्यावर थांबला. तवा धुरायला लागला तरी तिनं उलथलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. गाडीवरचा तो ठिपका गाडीवर कधीच नव्हता.

पुढचे दिवस आठवले की आजही मला संताप येतो, आणि कुणाचा ते सांगता येत नाही. माय म्हणाली, "जालन्याला डोळे दाखवून या." अण्णा म्हणाले, "लगीनसराई संपू दे." मायनं डबल सांगितलं, रागावून सांगितलं, शेवटी जेवण सोडलं. तर अण्णाही ताट सरकवून तिच्यापाशी उपाशी बसले. म्हणाले, "तू जेवल्याबिगर मी कसा जेवू?" आता अशा माणसाचं काय करायचं? संध्याकाळी दोघांनाही मीच भाकरी वाढली. गाडीची किल्ली लपवावी म्हटलं तर फाट्यावर भाड्याचं माणूस उभं. गावात कुणाला सांगावं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी एकही माणूस गाडीत बसणार नाही, आणि अण्णा ते सोसणार नाहीत. आणि अण्णा गाडी तर नीट चालवून आणत होते. रोज संध्याकाळी हॉर्न वाजला की माय देवाला हात जोडायची आणि मी तिच्याकडं न बघता लाकडं सरकवायची.

त्यातच सुलूचं लग्न आलं. सुलू शेजारच्या रामभाऊ काकांची पोरगी, माझ्या पाळण्यापासूनची मैत्रीण. दिली होती राजूरच्या पुढच्या एका गावात. गाडी अर्थातच आमची, सुलू लहानपणापासून म्हणायची, "मी अण्णांच्या गाडीतून जाईन, न्हाईतर जाणारच न्हाई." लग्नाच्या सकाळी मी आडाचं पाणी आणलं, अण्णांनी एका धारेत सोडलं, आम्ही दोघांनी टिपलं. गाडी अशी लखलखत होती की तिच्यात झाडाची पानं दिसत होती. अण्णा लांब जाऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "सगळी ठिपक्या-ठिपक्यानं भरून गेली. अशी गाडी उभी करू मी रामभाऊच्या दारात?" मी म्हटलं, "अण्णा, देवाशपथ सांगते, एकबी डाग न्हाई." ते ओरडले, "मला आंधळा समजती का?" आणि त्यांनी जे केलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. आधीच मातीत पडलेलं फडकं त्यांनी उचललं आणि कोरड्या बॉनेटवर गोल गोल घासायला लागले. दातओठ खाऊन घासत होते. खड्यांचा करकर आवाज येत होता. इथं घासलं की ठिपका तिथं, तिथं घासलं की पुढं. मी हात धरला तर झटकला. थांबले तेव्हा बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटलं होतं, ते त्यांना दिसलं नाही. "आता बरं हाये," म्हणाले. मी रडत घरात गेले.

माय चुलीपुढं तशीच बसली होती. तिनं ऐकलं होतं सगळं. तिनं डोळे पुसले, उठली, पदर डोक्यावर घेतला आणि रामभाऊ काकांच्या घरी गेली. परत येऊन मला म्हणाली, "सुलूबरोबर पाठराखीण म्हणून तू जायचं. मी सांगून आले. पुढं बसायचं, अण्णापाशी." सासरी पहिल्यांदा जाणाऱ्या पोरीसोबत माहेरची एक पोर जाते, तिची सोबतीण म्हणून; सुलूची मावसबहीण जायची होती, ती मागं राहिली. मी म्हटलं, "माय, मी पुढं बसून काय करू?" माय म्हणाली, "मला काय माहीत, माय? मला काय माहीत?" लग्नाच्या दिवशी गाडी मागं घेतली असती तर त्या पोरीच्या माथी जन्माचा अपशकुन बसला असता, आणि न घेतली तर काय, ते तिला बोलवत नव्हतं.

दुपारी पाठवणी झाली. मागं सुलू, नवरदेव आणि त्याची आत्या. पुढं अण्णा, आणि मी मांडीवर शिदोरीची दुरडी घेऊन. चाकाखाली लिंबू फुटलं, सगळ्या बाया रडल्या, अण्णांनी फेटा सारखा केला आणि गाडी सुरू केली. फाटा ओलांडला तशी मी बोलायला लागले. ठरवून नाही. समोर कडब्यानं भरलेली बैलगाडी दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "अगंबाई, ती कडब्याची गाडी बघा अण्णा, अर्धा रस्ता अडवून चालली!" अण्णांनी गाडी अलगद उजवीकडं घेतली आणि पुढं काढली. मग मी थांबलेच नाही. सायकलवरचा मास्तर, रस्त्यात बसलेली म्हैस, वळणावरचं बाभळीचं झाड, पुलाचे पांढरे दगड, समोरून येणारा ट्रक आणि त्याच्या कपाळावर लिहिलेलं. जे दिसेल ते बोलत गेले. जत्रेला पहिल्यांदा निघालेल्या पोरीसारखी. ऊन समोरून काचेवर येत होतं. मी दुरडीची कड घट्ट धरली होती आणि तोंड हसत होतं. सुलू मागं हुंदके देत होती, तिला मी एकदाही वळून पाहिलं नाही. पाठराखीण कसली मी!

जालना मागं पडलं, राजूरच्या रस्त्याला लागलो. ऊन उतरायला लागलं होतं. नवरदेवाची आत्या मघापासून जांभया देत होती, ती एकदम खेकसली, "अगं ए पोरी, पाठराखीण हायेस का रेडिओ? डोकं उठलं माझं. जरा तोंडाला कुलूप लाव." नवरदेव हसला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. वऱ्हाडातल्या माणसापुढं उलट बोलायची आमची प्राज्ञा नव्हती. मी ओठ मिटले.

गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. अण्णांचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळले होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती. माझ्याकडं न बघता, मागं जाणार नाही एवढ्या आवाजात ते म्हणाले, "बोल की, निर्मे. थांबली काऊन?"

म्हणजे अण्णांना ठाऊक होतं. कडब्याच्या गाडीपासून ठाऊक होतं, कदाचित त्याच्याही आधीपासून. एवढा मोठा माझा बाप, आणि माझ्या बडबडीला धरून रस्ता चालत होता. मला वाटलं आत्ता दार उघडून खाली उडी टाकावी, किंवा त्यांच्या गळ्यात पडून रडावं. यातलं काहीच करता येत नव्हतं. तेवढ्यात समोरच्या धुरळ्यात धुरळ्याच्याच रंगाचं काहीतरी हललं आणि मी किंचाळले, "मेंढरं! अण्णा, मेंढरं, पुरा रस्ता!" अण्णांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. आत्याचं डोकं सीटवर आपटलं, ती शिव्या द्यायला लागली. मेंढरं दोन्ही बाजूंनी गाडीला अंग घासत गेली. कळपामागं एक धनगराची बाई होती, तिच्या पाठीला लेकरू बांधलेलं. ती मेंढरांत वाकून एका कोकराला उचलत होती, गाडीच्या अगदी तोंडापाशी. तिनं आमच्याकडं बघून हात केला, नवरीला बघून हसली आणि निघून गेली. अण्णांनी विचारलं, "कोण व्हतं?" मी म्हटलं, "कुणी न्हाई." पुढचा सगळा रस्ता मी बोलत राहिले. आत्याला मी म्हटलं, "मला सवय हाये, बाई," आणि बोलत राहिले.

दिवेलागणीला पोचलो. लोक धावत आले, भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुलूला उतरवून घेतलं. वाजंत्री आत गेली, अंगण मोकळं झालं. अण्णा जागेवरच होते. गाडी बंद करून, हात चाकावर ठेवून. दाराच्या मुठीत मेंढीची लोकर अडकली होती. अण्णा म्हणाले, "सकाळी डाग व्हते का गं गाडीवर?"

"न्हाई, अण्णा."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

त्यांनी मान हलवली. किल्ली काढून माझ्या हातात दिली. "मंग मला धरून उतरव," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या गावच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी वाटूरला आणून सोडली. अण्णा पहिल्यांदा मागं बसले, जिथं पोरी बसायच्या तिथं. राजूरच्या गणपतीला त्यांनी हात जोडले ते मंदिर मागं गेल्यावर. त्याच आठवड्यात जालन्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलेली, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलंय, आधी यायला पाहिजे होतं. मायनं विचारलं, "आता?" डॉक्टर चांगला माणूस होता. तो म्हणाला, "आहे तेवढं टिकवू." तेवढंही टिकलं नाही. पोळ्याला बैलाच्या अंगावरची झूल त्यांना हातानं चाचपून बघावी लागली. सुलू मात्र सुखात राहिली, आजही आहे. गावानं ते गाडीच्याच नावावर मांडलं.

गाडी विकायचं नाव अण्णांनी काढू दिलं नाही. ती कडुनिंबाखाली उभी राहिली आणि अण्णा रोज पहाटे ती धुवायचे. मी घागर द्यायची, ते हातानं टपाची कड शोधायचे आणि एका धारेत पाणी सोडायचे. मायचं लुगडं पसरायचे, सरळ ओढायचे. एक इंच सुटायचा नाही. शेवटी विचारायचे, "डाग राह्यला का गं?" आधी आधी खरंच राहायचा नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात आड आटला. उरलं बोअरचं मचूळ पाणी, आणि गाडीवर पांढरे थर चढायला लागले, ओरखड्यांच्या जाळ्यात तर खपल्याच. मी म्हणायची, "न्हाई, अण्णा, एकबी न्हाई." ते समाधानानं घड्या घालायचे.

एका सकाळी त्यांनी तसंच विचारलं, मी तसंच सांगितलं. अण्णांनी घडी घातली नाही. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बोटं हळूहळू सरकवली आणि एका खपलीवर थांबवली. तिथंच, जिथं त्या सकाळी घासलं होतं. नखानं ती खरवडून पाहिली.

"हे काय हाये मंग?"

मी रिकामी घागर या हातातून त्या हातात घेतली. रहाट बंद पडलेला, त्यामुळं सगळीकडं नुसती शांतता होती. अण्णांनी चेहरा माझ्याकडं वळवला, मी होते त्याच्या जरा बाजूला.

"बोल की, निर्मे," ते म्हणाले. "थांबली काऊन?"